बेकन्सफील्डची घरं एवढी महाग का?

१७८१ साली राघोबादादांचे वकील हनुमंतराव लंडनला पोहोचले. पेशव्यांच्या गादीवरचा राघोबांचा दावा थेट इंग्लंडच्या दरबारी मांडायचा, या कामासाठी ते आले होते. सोबत मणियार रतनजी हे पारशी गृहस्थ आणि त्यांचा मुलगा. हनुमंतराव सोवळंओवळं काटेकोर पाळणारे. परक्या हातचं पाणीही चालायचं नाही, मग लंडनमध्ये चूल मांडायची कुठे? त्यांचे हाल एडमंड बर्क या खासदाराच्या कानावर गेले. तो या मंडळींना आपल्या गावच्या घरी घेऊन गेला आणि बागेतलं काचघर, म्हणजे थंडीत नाजूक झाडं जपायची जागा, त्यांना मोकळं करून दिलं. तिथे हनुमंतरावांनी स्वतःच्या हाताने रांधलं आणि आपले नित्यनेम सांभाळले. पुढे वॉरन हेस्टिंग्जवर महाभियोग चालवणारा बर्क तो हाच. आणि ते गाव म्हणजे बेकन्सफील्ड.

आज हे गाव ओळखलं जातं ते घरांच्या किमतीसाठी. लंडनच्या वायव्येला साधारण ३८ किलोमीटरवर, बकिंगहॅमशर काउंटीत, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागात, ते वसलंय. लंडनच्या मॅरिलबोन स्टेशनवरून जलद गाडी अर्ध्या तासात तिथे पोहोचते. २०११च्या जनगणनेत वस्ती भरली सुमारे बारा हजार. त्याच वर्षी गावात विक्रीला असलेल्या घरांपैकी ४७ टक्के घरांची किंमत दहा लाख पौंडांच्या वर होती. साऱ्या ब्रिटनमध्ये हे प्रमाण साडेतीन टक्के होतं. दहा लाख पौंड म्हणजे आजच्या दराने अकरा कोटी रुपयांच्या पुढे.

या भागात नवीन आलेली आपली माणसं हमखास विचारतात, एवढं काय आहे तिथे? त्यावर ठरलेलं उत्तर मिळतं, ‘श्रीमंत लोक राहतात ना!’ मला हे उत्तर उलटं वाटतं. आधी श्रीमंत आले आणि मग घरं महाग झाली, असं इथे घडलं नाही. कुठे बांधायचं, किती बांधायचं आणि मुख्य म्हणजे कुठे बांधायचंच नाही, याचे निर्णय एकामागून एक होत गेले आणि त्यांचे थर साचले. आज घराची जी किंमत मोजावी लागते, त्यात विटा-कौलांचा वाटा थोडाच असतो. बाकीची किंमत या थरांची. ते एकेक करून पाहू.

चार रस्त्यांचं गाव

जुनं बेकन्सफील्ड एका चौकाभोवती वसलंय. चौकाला मिळणाऱ्या चारही रस्त्यांच्या नावात ‘एंड’ आहे: लंडन एंड, विंडसर एंड, एल्सबरी एंड आणि विकम एंड. जो रस्ता ज्या गावाकडे जातो, त्याचं नाव त्याला. लंडन–ऑक्सफर्ड हमरस्ता याच चौकातून जायचा. घोडागाड्या इथे थांबायच्या, घोडे बदलायचे, प्रवासी रात्री मुक्काम करायचे. लंडन एंडला उभं राहिलं की पहिल्यांदा रस्त्याची रुंदी नजरेत भरते. एवढी रुंदी बाजारासाठी आणि गाड्या उभ्या करण्यासाठी लागायची. दोन्ही कडेला लाल विटांची, ठेंगण्या दारांची घरं आहेत. काहींच्या मध्येच एक उंच कमान दिसते, ती घोडागाडी आत घेण्यासाठी. दर १० मे रोजी इथे जत्रा भरते. तिची सनद १२६९ची. २०१९ मध्ये ७५०वं वर्ष साजरं झालं.

गावाच्या नावाचा उच्चारही ऐकण्यासारखा आहे. गावातले लोक ‘बेकन्सफील्ड’ म्हणतात. पंतप्रधान डिझरायली १८७६ मध्ये अर्ल ऑफ बेकन्सफील्ड झाले, ते मात्र ‘बीकन्सफील्ड’ म्हणत. ते राहायचे थोडं पलीकडे, ह्यूएन्डनला.

बर्कने इथली ग्रेगरीज ही इस्टेट १७६८ मध्ये घेतली. घर आणि सुमारे सहाशे एकर जमीन, किंमत वीस हजार पौंडांच्या आसपास. त्यातले बहुतेक पैसे उसने. खासदाराला शोभेल असं घर हवं, म्हणून झेपणार नाही एवढं कर्ज त्याने काढलं आणि त्याच्या ओझ्याखाली जन्मभर वाकला. १७९७ मध्ये तो याच घरी वारला आणि गावच्या सेंट मेरी चर्चमध्ये त्याला पुरलं. घर पुढे १८१३ मध्ये जळालं. आज बर्क्स रोड आणि ग्रेगरीज रोड या दोन रस्त्यांच्या नावांत ते उरलंय, आणि हे दोन्ही रस्ते गावातल्या महागड्या रस्त्यांपैकी आहेत.

बर्कच्या शेजारचं उदाहरण अगदी वेगळं. जोसायस ड्यू प्री १७७० ते १७७३ या काळात मद्रासचा गव्हर्नर होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत गबर होऊन मायदेशी परतणाऱ्या अशा माणसांना इंग्लंडमध्ये ‘नबॉब’ म्हणत. आपला ‘नवाब’ हा शब्दच तिकडे गेला होता. ड्यू प्रीने बेकन्सफील्डजवळची विल्टन पार्क इस्टेट घेतली आणि तिथे मोठा वाडा उठवला. एकाच गावात एकीकडे कंपनीच्या कारभारावर आसूड ओढणारा बर्क कर्जात बुडालेला, आणि दुसरीकडे त्याच कंपनीच्या पैशावर उभा राहिलेला वाडा. त्या वाड्याच्या जमिनीकडे आपल्याला शेवटी परत यायचंय.

आत्ता एवढंच लक्षात ठेवू की गावाभोवतीची जमीन मोजक्या मोठ्या जमीनदारांच्या हातात होती. पुढचं सगळं त्यामुळेच घडू शकलं. जमीन शेकडो लहान शेतकऱ्यांत वाटलेली असती, तर कुठे काय बांधायचं हे दोन-तीन घराण्यांनी ठरवलंच नसतं.

गाडी आली, तीही उशिरा

१८३८ पासून लंडनहून पश्चिमेकडे ग्रेट वेस्टर्न रेल्वे धावू लागली, ती मेडनहेडवरून. बेकन्सफील्ड तिच्या वाटेवर नव्हतं. हमरस्त्यावरच्या घोडागाड्या बंद पडल्या, खानावळी ओस पडल्या आणि पुढची साठेक वर्षं गाव जागच्या जागी राहिलं. वस्ती दोन हजारांच्याही आतच. त्या काळी गावाला हे दुर्दैव वाटलं असणार. पण रेल्वे १८४०च्या दशकात आली असती तर चौकाच्या चारही बाजूंना कामगारांच्या चाळवजा घरांच्या रांगा उभ्या राहिल्या असत्या, आणि आज जपलेला जुना चौक आपल्याला बघायला मिळाला नसता.

२ एप्रिल १९०६ रोजी प्रवासी गाड्या सुरू झाल्या. ग्रेट वेस्टर्न आणि ग्रेट सेंट्रल या दोन कंपन्यांनी मिळून हा मार्ग टाकला होता. स्टेशन मात्र जुन्या चौकात न येता उत्तरेला दीडेक किलोमीटरवर, शेतांच्या मध्ये आलं. तेव्हापासून गावाचे दोन भाग पडले: जुनं गाव आणि नवं गाव. आजही पत्ता सांगताना लोक आधी ओल्ड टाउन की न्यू टाउन, हे सांगतात.

‘कम्यूटर टाउन’ ही कल्पना इथे नीट समजते. सकाळी गाडीने शहरात कामाला जायचं आणि संध्याकाळी घरी परतायचं, अशा चाकरमान्यांचं गाव. पण मुंबईच्या लोकलचं चित्र डोळ्यांपुढे आणू नका. इथे आलेले चाकरमाने म्हणजे वकील, दलाल, बँकेतले अधिकारी आणि लेखक. महिन्या-वर्षाचा पास ज्यांना परवडतो आणि लंडनच्या धुराला जे कंटाळलेत, असे लोक.

जमीनदारांनी जमीन विकायला काढली, पण एकगठ्ठा विकली नाही. रस्ते आखले, प्लॉट पाडले आणि प्रत्येक प्लॉटच्या खरेदीखताला अटी जोडल्या. त्या काळच्या अशा वसाहतींत ही सरसकट पद्धत होती. एका प्लॉटवर एकच घर, घर अमुक किमतीपेक्षा स्वस्त बांधायचं नाही, घरात दुकान किंवा धंदा चालवायचा नाही, रस्त्यापासून इतकं अंतर सोडायचं. या अटींना कव्हेनंट म्हणतात. विकत घेणाऱ्याने सही केली की तो बांधला जातो, हे उघडच आहे. खरी ताकद पुढच्या गोष्टीत आहे. लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमधल्या बागेवरून १८४८ मध्ये एक खटला झाला. त्यात न्यायालयाने ठरवलं की अशी मनाई माहीत असूनही जमीन घेणाऱ्या पुढच्या मालकालाही ती पाळावी लागेल. याचा अर्थ अट माणसाला चिकटत नाही, जमिनीला चिकटते. माणसं येतात, विकून जातात, मरतात. अट तिथेच राहते.

किमान किमतीची अट घातली की गरीब माणूस आपोआप बाहेर राहतो. त्याला कोणी ‘येऊ नको’ म्हणायची गरजच पडत नाही. माझ्या मते या गावाच्या श्रीमंतीचा पाया नेमका इथे आहे, आणि तो घातला गेला तेव्हा हा प्रश्न कोणी मतदानाला टाकला नव्हता.

तरीही पहिल्या वीसेक वर्षांत गाव आजच्याइतकं बंद नव्हतं. अमेरिकन कवी रॉबर्ट फ्रॉस्ट १९१२ मध्ये बायको आणि चार मुलांसह इथे आला आणि रेनल्ड्स रोडवरच्या एका साध्या घरात भाड्याने राहिला. तेव्हा त्याच्या नावावर एकही पुस्तक नव्हतं. पहिला संग्रह इथे असतानाच १९१३ मध्ये निघाला. ज्याला कोणी ओळखत नाही आणि ज्याची मिळकतही तुटपुंजी आहे, असा बाप सहा जणांचं बिऱ्हाड घेऊन आज या रस्त्यावर भाड्याने राहू शकेल, याची मला कल्पनाच करवत नाही. लेखक जी. के. चेस्टरटन १९०९ पासून १९३६ मध्ये मरेपर्यंत इथेच राहिला.

त्या काळात बांधलेली घरं आजही न्यू टाउनची ओळख आहेत. अशा एका घरासमोर उभं राहू. रस्ता आणि घर यांच्यामध्ये आधी माणसाच्या उंचीचं झाडांचं कुंपण. आत शिरल्यावर पायाखाली खडी करकरते. खालचा मजला लाल विटांचा. वरच्या मजल्यावर भिंतीलाच उभी कौलं टांगलेली, नाहीतर पांढऱ्या गिलाव्यावर काळ्या लाकडाच्या पट्ट्या. छप्पर उतरतं, धुराडं भलंमोठं. बघणाऱ्याला वाटतं, घर चारशे वर्षांचं असणार. वास्तविक बहुतेक ठिकाणी त्या काळ्या पट्ट्या नुसत्या वरून लावलेल्या असतात, भार पेलतात त्या आतल्या विटांच्या भिंती. शहरात नोकरी करणाऱ्याला संध्याकाळी खेड्यातल्या जुन्या घरी परतल्याचं समाधान हवं होतं, आणि बांधणाऱ्यांनी ते मन लावून दिलं. ही घरं मला मनापासून आवडतात. सुतारकाम सुरेख आहे, आणि खिडकीच्या खाली बसायला केलेली लाकडी फळी तर मी कधी विसरत नाही.

हे सगळं आहे तसं लहान आकारात पाहायचं असेल तर बेकनस्कॉटला जावं. रोलंड कॅलिंगहॅम या गृहस्थाने आपल्या बागेत एक बारांश आकाराचं छोटं जग उभं केलं. १९२९ पासून ते लोकांना पाहायला मिळतंय. त्यात गुडघ्याएवढी घरं आहेत, धावणाऱ्या आगगाड्या आहेत, चर्च आणि बंदर आहे. पूर्वी ते काळाबरोबर बदलत असे. १९९०च्या दशकात ठरवून ते पुन्हा १९३०च्या दशकात नेलं.

हिरवा पट्टा

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात लंडन झपाट्याने पसरलं. रेल्वेच्या कडेने दोन-दोन जोडलेल्या घरांच्या रांगा शेतं गिळत निघाल्या. हे थांबवायला हवं म्हणून शहराभोवती मोकळ्या जमिनीचा पट्टा राखायची कल्पना १९३५ मध्ये पुढे आली. १९३८ मध्ये तिचा कायदा झाला. १९५५ मध्ये सरकारने देशभरातल्या काउंटींना असे पट्टे आखायला सांगितलं. हाच तो ग्रीन बेल्ट, आणि बेकन्सफील्डला त्याने चारही बाजूंनी वेढलंय.

पण त्याहूनही मोठा बदल १९४७ मध्ये झाला. त्या वर्षीच्या नगररचना कायद्याने जमिनीची मालकी आणि बांधण्याचा हक्क यांची फारकत केली. जमीन तुमची असली तरी घर बांधायला कौन्सिलची, म्हणजे स्थानिक नगरपालिकेची, परवानगी लागणार. आपल्याकडे शेतजमीन एनए करून घेण्याची धडपड ज्यांनी केलीय, त्यांना यातली गोम लगेच कळेल. दक्षिण इंग्लंडमध्ये शेतीची एक एकर जमीन दहा हजार पौंडांच्या आसपास मिळते. त्याच एकरावर घरं बांधायची परवानगी मिळाली तर किंमत दहा लाखांच्या पुढे जाते. माती तीच, पाऊस तोच. शंभरपट फरक फक्त एका कागदाने पडतो.

ग्रीन बेल्टबद्दल एक गैरसमज पक्का रुजलाय की हा म्हणजे निसर्गरम्य किंवा दुर्मीळ जमिनीचा साठा. तसं नाही. शहरांनी पसरू नये आणि शेजारची गावं एकमेकांना चिकटू नयेत, हा त्याचा मूळ हेतू. त्यात बीच वृक्षांची सुंदर रानं आहेत, तशीच ओसाड कुरणं आणि जुन्या खाणींचे खड्डेही आहेत. पूर्वेला जेरार्ड्स क्रॉस, पश्चिमेला हाय विकम, आणि मधलं अंतर राखलं गेलंय ते या नियमामुळे. त्याचा फायदा खरा आहे. पाच मिनिटं चाललं की शेत लागतं. पण गाव बाहेर वाढू शकत नाही आणि मागणी मात्र वाढत जाते, त्याचा सगळा ताण आत असलेल्या घरांवर पडतो.

मग गाव आतल्या आत वाढतं, ते कसं हे एका घरावरून दाखवते. मुलांची लाडकी लेखिका एनिड ब्लायटन १९३८ पासून १९६८ पर्यंत पेन रोडवरच्या एका मोठ्या घरात राहिली. घराचं नाव ग्रीन हेजेस, म्हणजे हिरवी कुंपणं. तिच्या मृत्यूनंतर १९७३ मध्ये ते पाडलं. त्या जागेवर एक छोटा बंद रस्ता निघाला, त्याच्या कडेने नवी घरं झाली आणि त्याला नाव दिलं ब्लायटन क्लोज. गावभर हाच हिशेब चालला. मोठी बाग असलेलं घर घ्यायचं, ते पाडायचं किंवा बाग तोडायची, आणि एका घराच्या जागी चार-पाच बांधायची. घरामागच्या बागा नगररचनेच्या भाषेत बराच काळ ‘आधीच बांधकाम झालेली जमीन’ या वर्गात मोडत होत्या, त्यामुळे बिल्डरांचं फावलं. २०१० मध्ये सरकारने बागांना त्या वर्गातून काढलं. ग्रीन हेजेसची छोटी प्रतिकृती आज बेकनस्कॉटमध्ये आहे.

जुन्या गावाला वेगळं संरक्षण मिळालंय. तो भाग संरक्षित क्षेत्र आहे आणि तिथली बरीच घरं वारसा यादीत आहेत. यादीतल्या घराची खिडकी बदलायची तरी परवानगी काढावी लागते. तिथे उंच इमारत वगैरे होणं नाहीच.

रेल्वे मात्र एकदा हातची जायच्या बेतात होती, हे आज कोणाला फारसं आठवत नाही. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटिश रेल या सरकारी रेल्वेने मॅरिलबोन स्टेशन बंद करायचा आणि त्या लोहमार्गाचा बसरस्ता करायचा प्रस्ताव आणला होता. विरोध झाला आणि १९८६ मध्ये तो गुंडाळला गेला. मग मार्ग सुधारला, नव्या गाड्या आल्या. त्याआधीच, १९६७ ते १९७४ या काळात, लंडनहून ऑक्सफर्डकडे जाणारा एम-४० महामार्ग टप्प्याटप्प्याने गावाशेजारून गेला. १९८६ मध्ये लंडनभोवतीचा एम-२५ पूर्ण झाला आणि हीथ्रो विमानतळ अगदी जवळ आला. गावाच्या हद्दी गोठलेल्या आणि तिथे पोहोचणं मात्र दर दशकात सोपं होत गेलेलं. किमती चढल्या नसत्या तरच नवल.

दहा वर्षांच्या मुलाची परीक्षा

भारतीय कुटुंबांच्या गप्पांत बेकन्सफील्डचं नाव निघतं ते बहुतेक वेळा शाळेवरून. १९४४च्या शिक्षण कायद्यानंतर इंग्लंडमध्ये अकराव्या वर्षी मुलांची परीक्षा घेऊन त्यांना वेगवेगळ्या शाळांत पाठवायची पद्धत रूढ झाली. १९६५ नंतर बहुतेक काउंटींनी ती सोडली, बकिंगहॅमशरने सोडली नाही. आजही तिथे अशा १३ सरकारी ग्रामर स्कूल आहेत. फी नाही, पण प्रवेश परीक्षेवर. सहावीच्या वर्षाच्या सुरुवातीला, सप्टेंबरात, मुलं इलेव्हन प्लस नावाची ही परीक्षा देतात. १२१ गुण मिळाले तर पात्र. बेकन्सफील्ड हायस्कूल ही मुलींची ग्रामर स्कूल गावातच आहे. मुलग्यांना जवळपास विकमला किंवा अमरशमला जाता येतं.

नुसतं पात्र होऊन भागत नाही. जागा कमी पडल्या की शाळा घराचं अंतर आणि ठरलेला परिसर बघते. म्हणून कुटुंबं परीक्षेच्या दोन-तीन वर्षं आधीच या भागात घर शोधू लागतात. वरवर शिक्षण फुकट आहे. खरं पाहिलं तर फी घराच्या किमतीत भरलेली असते, आणि ती शाळेला न जाता घर विकणाऱ्याला जाते. ज्याला ते घर परवडत नाही, त्याचं मूल कितीही हुशार असलं तरी त्याची वाट लांबची. मला ही व्यवस्था न्याय्य वाटत नाही, आणि तिच्या आधाराने मुलांना शिकवलेल्या कित्येक पालकांनाही ती वाटत नाही.

करांचंही थोडक्यात सांगते. दहा लाख पौंडांचं घर तुम्ही राहण्यासाठी घेतलं आणि तुमचं दुसरं घर नसेल, तर २०२५च्या एप्रिलपासूनच्या दराने मुद्रांक शुल्क ४३,७५० पौंड होतं. एवढा खर्च सोसायचा म्हणून म्हातारी जोडपी पाच खोल्यांचं घर सोडून लहान घरात जायचं टाळतात आणि मोठी घरं बाजारात येत नाहीत. उलट दरवर्षीचा कौन्सिल टॅक्स, म्हणजे घरपट्टी, अजूनही १९९१च्या किमतींवर बसतो. त्या वेळी तीन लाख वीस हजार पौंडांच्या वर असलेली सगळी घरं एकाच वरच्या पायरीत. आज पंधरा लाखांचं घर आणि पन्नास लाखांचा बंगला बऱ्याचदा सारखाच कर भरतात.

ज्यांच्यावाचून गाव चालत नाही

सकाळी बेकन्सफील्ड स्टेशनवर थांबलं की दोन उलटे ओघ दिसतात. एका फलाटावरून लोक लंडनला निघालेले असतात. त्याच वेळी बसमधून उतरून दुसरे लोक गावात येत असतात, म्हाताऱ्यांची देखभाल करणाऱ्या बाया, दुकानातली मुलं, स्वयंपाकी, साफसफाईवाले. हे लोक राहतात स्लाउला, विकमला, कुठे कुठे. जिथे काम करतात तिथे राहणं त्यांना परवडत नाही.

कौन्सिलची भाड्याची घरं या गावात झालीच नाहीत असं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिमेकडच्या होल्टस्पर भागात अशी वस्ती उभी राहिली. साधी घरं, मागे-पुढे लहानशी बाग, जवळ शाळा. मग १९८०च्या कायद्याने भाडेकरूंना आपलं घर मोठ्या सवलतीत विकत घ्यायचा हक्क दिला. ज्यांनी घेतलं त्यांचं भलं झालं, आणि त्यांना कोणी दोष देऊ नये. पण विकल्या गेलेल्या घरांच्या जागी तेवढी नवी बांधली गेली नाहीत. तीच घरं पुढे खुल्या बाजारात आली आणि पुढच्या पिढीच्या नर्सच्या आवाक्याबाहेर गेली.

नव्या मोठ्या प्रकल्पात काही घरं ‘परवडणारी’ ठेवावी लागतात. १९९०च्या नगररचना कायद्याच्या १०६व्या कलमाखाली बिल्डर आणि कौन्सिल यांच्यात तसा करार होतो. मात्र ‘परवडणारं भाडं’ या सरकारी शब्दाचा अर्थ आहे बाजारभावाच्या ८० टक्क्यांपर्यंतचं भाडं. बाजारभावच जिथे आकाशाला भिडलेला, तिथे त्याचे ८० टक्के कोणाला परवडणार? शब्द आणि त्याचा अर्थ यांच्यातलं हे अंतर सामान्य माणसाला कोणी समजावून सांगत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहिलं.

आता विल्टन पार्क. ड्यू प्रीचा वाडा दुसऱ्या महायुद्धात सरकारने घेतला आणि तिथे शत्रूच्या कैद्यांची चौकशी व्हायची. १९४६ पासून जर्मन युद्धकैद्यांना लोकशाहीची ओळख करून देणारे वर्ग भरू लागले. नंतर सैन्याची भाषाशाळा आली. वाडा १९६०च्या दशकात पाडला. सैन्याने जागा सोडल्यावर ती घरबांधणीसाठी विकली गेली आणि तिथे वसाहत उभी राहू लागली. ही जमीन ग्रीन बेल्टच्या आतलीच. पण तिच्यावर आधीपासून बांधकाम होतं, म्हणून परवानगीची वाट निघाली. हिंदुस्थानातून आलेल्या पैशाने घेतलेली ही जमीन अडीचशे वर्षांनी अशी प्लॉटाप्लॉटाने विकली जातेय.

गावाच्या कडेची आणखी जमीन मोकळी करायची का, यावर वाद चालू आहे. चिल्टर्न आणि साउथ बक्स या कौन्सिलांनी मिळून केलेला आराखडा २०२० मध्ये मागे घ्यावा लागला, कारण शेजारच्या स्लाउशी पुरेशी सल्लामसलत झाली नाही, असं तपासणी अधिकाऱ्यांचं म्हणणं पडलं. स्लाउला घरांची निकड आणि जमीन नाही, इकडे जमीन आणि इच्छा नाही. २०२४च्या डिसेंबरात सरकारने नवं धोरण आणलं. त्यात ग्रीन बेल्टच्या आतली, पण त्या पट्ट्याच्या हेतूला फारसा हातभार न लावणारी जमीन ‘ग्रे बेल्ट’ म्हणून वेगळी काढली आणि तिथे बांधायची वाट मोकळी केली. मला ते योग्य वाटतं, एका अटीवर: नवी घरं देखभाल करणाऱ्या बायांना आणि शाळेतल्या शिक्षकांना घेता येतील अशा आकाराची आणि भाड्याची हवीत. पाच खोल्यांचे आणखी बंगलेच होणार असतील तर शेत राहिलेलं बरं.

आपल्यापैकी कोणी या भागात घर बघत असेल, तर इस्टेट एजंटच्या काचेवरचे फोटो बघून झाल्यावर आणखी एक काम करावं. सरकारच्या जमीन नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर सात पौंड भरले की कुठल्याही नोंदलेल्या घराचा मालकी उतारा मिळतो. आपल्या सातबारासारखाच, फक्त त्यात पिकांऐवजी अटी असतात. त्या उताऱ्यातला बोजा आणि बंधनांचा भाग आधी वाचा. कधी १९१०च्या सुमाराची एखादी ओळ सापडते: या जमिनीवर एकापेक्षा जास्त घर बांधू नये. ज्याने ती घातली तो जमीनदार गेला, ज्याने सही केली तो वकीलही गेला. तरी मागच्या बागेत मुलासाठी छोटं घर बांधायचा तुमचा बेत असेल, तर कौन्सिलने होकार दिल्यावरही शेजारी ती ओळ पुढे करू शकतो. ती काढून टाकायची किंवा सैल करायची तर जमिनीच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. त्याला महिने जातात, आणि पैसेही बरेच जातात.